सोवळ्यातलं पाणी

माझ्या बायकोच्या मामांइतका पाण्यावर जीव टाकणारा आणि त्याच पाण्याला इतका भिणारा माणूस बंगालच्या उपसागराच्या या काठावर दुसरा नाही. पलीकडच्या काठावर एखादा असलाच, तर त्यानंही मामांची शिकवणी लावलेली असणार. लोक माणसाची जात विचारतात, पगार विचारतात, फार तर पीठ कोणत्या गिरणीचं ते विचारतात. मामा पाण्याचं गोत्र विचारतात. कुणाच्या घरी गेलं आणि यजमानीणबाईंनी पेला पुढे केला, की मामा तो उजेडाकडे धरतात, नाकाशी नेतात आणि अत्यंत मृदू आवाजात म्हणतात, "हे कोणतं?" बाई गोंधळून म्हणतात, "पाणी." "ते दिसतंय अम्मा, कोठलं?" मग चौकशी सुरू होते. नळाचं, बोअरचं, टँकरच्या लॉरीचं, की कॅनचं? कॅनचं असेल तर कुठल्या दुकानातल्या? कॅनचं तोंड पुसलं होतं का, आणि कशानं पुसलं होतं? इथपर्यंत येईतो पेल्यातलं पाणी कोमट झालेलं असतं आणि यजमानीणबाई गरम. मग मामा पेला जसाच्या तसा खाली ठेवतात आणि स्वतःच्या कूज्यातलं पाणी पितात.

कूजा म्हणजे फिरकीच्या झाकणाचा, वर कडी असलेला, गोल पोटाचा स्टीलचा तांब्या. जुन्या तमिळ घरांतली माणसं प्रवासाला निघताना तो बरोबर घेत. मामा तो घेऊन कोपऱ्यावर भाजी आणायलाही जातात. लग्नाकार्यात मात्र कूजा उचलायचा मान जावई म्हणून माझा. मला तो मान फार मोठा वाटे. चेन्नईजवळ सिरुसेरीला ऑफिसात एकदा मी छाती फुगवून, माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सगळ्या टीमला सांगितलं, "मी मामांचा कूजा उचलतो." असा हशा पिकला की पलीकडच्या टीमची माणसं उठून बघायला आली. कूजा उचलणं म्हणजे तमिळमध्ये चमचेगिरी करणं, हे मला तेव्हा कळलं. एक जण डोळे पुसत म्हणाला, "सार, आपल्या टीममध्ये त्या कामाला आधीच एक माणूस आहे." आमचे मॅनेजर तेवढे हसले नाहीत.

मामांचं घराणं तंजावरचं. मराठी राजांबरोबर त्यांचे पूर्वज तिकडे गेले, राज्य गेलं, पण भाषा काही त्यांनी खाली ठेवली नाही. ती मराठी अशी की 'आहे'चं 'अहे' होतं, 'आम्ही'चं 'अम्ही', आणि सगळं वाक्य तमिळच्या चालीवर पाळण्यासारखं झुलत येतं. मी मूळचा सोलापूरचा. पहिल्या भेटीत मामा माझ्याशी मराठी बोलत होते आणि मला ते तमिळ वाटलं, म्हणून मी तमिळमध्ये उत्तर दिलं. ते त्यांना तेलुगू वाटलं. इतरांकडे मुलगी दाखवायचा कार्यक्रम असतो, तसा मामांच्या चेन्नईतल्या अड्यारच्या घरात मला पाणी पाजायचा कार्यक्रम झाला. मामांनी समोर तीन पेले मांडले आणि म्हणाले, "पिऊन सांग, कोणतं कोठलं." आता आमच्या गावात पाणी चार-पाच दिवसांआड यायचं. पाण्याची चव विचारायची आमच्याकडे पद्धतच नव्हती; "आलं का?" एवढंच विचारायचे. मी तिन्ही पेले शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो आणि मनापासून म्हणालो, "तिन्ही छान आहेत." मामा आत गेले आणि माझ्या होणाऱ्या बायकोला, मला ऐकू येईल एवढ्या हळू आवाजात म्हणाले, "पोरगा चांगला अहे. फक्त त्याला जीभ नाही." लग्न झालं. माझ्या बायकोनं पुढे दिलेल्या दाखल्यानुसार मला जीभ आहे, पण ती चवीच्या कामाची नाही.

मामा देवाधर्मातले नाहीत. देवळात गेले तर तीर्थ ओंजळीत घेतात, डोळ्यांना लावतात आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून खांबाच्या मुळाशी सोडून देतात. (त्या खांबापाशी आता हिरवळ उगवली आहे, असं माझी बायको सांगते.) मग पाणी उकळून का पीत नाहीत? तर उकळलेलं पाणी म्हणजे पाण्याचं प्रेत, असा त्यांचा सिद्धांत आहे. "चव गेली, मग मागं राहिलं काय? ओलेपणा!" बँकेत सबंध नोकरी झाली, पण बदलीच्या प्रत्येक गावची आठवण ते पाण्यावरून सांगतात. मदुरैचं जड, कुंभकोणमचं गोड, एका ठिकाणचं असं की मॅनेजर म्हणून बढती मिळत असूनही त्यांनी ते गाव नाकारलं.

या सगळ्या भीतीचा उगम एका ओढ्यात आहे. मामींचे वडील जंगलखात्यात गार्ड होते, आणि मामींचं सारं लहानपण जव्वादु डोंगरातल्या एका वस्तीवर, ओढ्याकाठच्या क्वार्टरमध्ये गेलं. लग्नानंतर जावईबापू म्हणून मामा तिथे गेले, ओढ्याचं पाणी ओंजळीनं पोटभर प्यायले, आणि परत आल्यावर त्यांना कावीळ झाली. मामांच्या मते कावीळ ओढ्यानं दिली. मामींच्या मते, उतरताना बसस्टँडवर त्या स्वतः "नको, नको" म्हणत असताना जो रोझमिल्कचा पेला मामांनी रिचवला, त्यानं दिली. हा खटला त्यांच्या संसाराइतका जुना आहे. पुढे वडील निवृत्त होऊन खाली उतरले, क्वार्टर पडलं, आणि मामी पुन्हा तिकडे गेल्या नाहीत, कारण विषय निघाला की मामा म्हणायचे, "तिथलं पाणी..." आणि हात असा हलवायचे, जसा काही डॉक्टर ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येऊन हलवतो.

मामी भांडत नाहीत. त्या फक्त एकदा सांगतात. गेल्या वर्षी दिवाळीनंतर, मी तिथे कॉफी पीत बसलो असताना, त्या डबरा नावाच्या पसरट वाटीतली कॉफी पेल्यात ओतता ओतता म्हणाल्या, "पोंगल झालं की मी डोंगरावर जाणार."

मामांनी पेपर खाली घेतला. "कोणाबरोबर?"

"बसबरोबर."

"अगे, तिथलं पाणी..."

"त्याच पाण्यासाठी जाते मी. पाय दुखतात, उद्या चढवणार नाही. एकदा त्या ओढ्याचं पाणी प्यायचं अहे मला. तुम्ही या, नाहीतर इथे आपला कूजा धरून बसा."

"इथून चांगले कॅन घेऊन जाऊ की."

"कॅन प्यायला मी डोंगर काय म्हणून चढू? कॅन अमच्या जिन्यावर चढून येतो."

मामी आत गेल्या. मामांनी पेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माप्पिळ्ळै," (तमिळमध्ये जावयाला असं म्हणतात, मामा मला या नावानं हाक मारतात तेव्हा काहीतरी उचलायचं असतं) "ती पिणार. मी हजार वेळा नको म्हटलं तरी तिथे गेली की वाकून पिणार. मला ठाऊक अहे. या वयात तिला काही झालं तर? म्हणून पाणीच चांगलं पाहिजे. तू कंप्यूटरवाला अहेस. रानात चालेल असा फिल्टर शोध. वीज नाही, नळ नाही. आणि चव बदलता कामा नये."

"फिल्टर?" आतून मामींचा आवाज आला. "घरात पितळेचा फिल्टर अहे की, आणखी कशाला?" चेन्नईत फिल्टर म्हणजे कॉफीचाच, दुसरा कुठला असतो हे समजावायला मामांना अर्धा तास लागला.

मी शोधाला लागलो, आणि सांगायला अभिमान वाटतो की ज्या ज्या मार्गानं चुकता येतं, त्या प्रत्येक मार्गानं मी चुकलो. पहिल्यांदा मी मागवली नळी. ही तोंडात धरायची, दुसरं टोक ओढ्यात बुडवायचं आणि ओढायचं. गच्चीवर बादली ठेवून मी प्रयोग दाखवला. पण नळी आखूड आणि बादली जमिनीवर, त्यामुळे मी पालथा पडलो. शेजारच्या इमारतीतल्या बायका कपडे वाळत घालायचं सोडून कठड्याशी आल्या. मामी म्हणाल्या, "माझे गुडघे बसायला तयार नाहीत, मी मगरीसारखी पालथी कशी पडू?" नळी बाद. मग आली दिव्याची कांडी. तिच्यातला विशिष्ट प्रकाश पाण्यात फिरवला की जंतू निकामी होतात, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. मामांनी विचारलं, "निकामी होऊन ते जातात कोठे?" मी म्हणालो, "जात नाहीत. आतच राहतात. पण मेल्यासारखे." मामांनी कांडी माझ्या हातात परत दिली. "म्हणजे अत्तापर्यंत पाण्याचं प्रेत होतं, अत्ता पाण्यात प्रेतं. पो, पो." म्हणजे, जा, जा. शिवाय तिला चार्जिंग लागतं आणि गढूळ पाण्यात ती आंधळी होते, हे मला नंतर समजलं. गोळ्यांचं पाणी मामांनी नुसतं हुंगलं आणि "स्विमिंग पूल" एवढंच म्हणाले. पंपाचा फिल्टर बरा होता, पण मी तो उत्साहानं उलटा जोडल्यामुळे पाण्याची चिळकांडी थेट मामींच्या वाळत घातलेल्या अप्पळांवर, म्हणजे पापडांवर, गेली, आणि दोन रविवार मला त्या घरी कॉफी मिळाली नाही.

शेवटी मिळाली पिशवी. म्हणजे दोन पिशव्या: वरची ओढ्याच्या पाण्याची, खालची गाळलेल्या पाण्याची, मध्ये एक नळी आणि नळीत एक बोटभर जाडीचा डबा. डब्यात पोकळ धाग्यांचा जुडगा. धाग्यांची भोकं इतकी बारीक की पाणी निसटतं आणि जंतू अडकून बसतात. वीज नको, पंप नको, पालथं पडणं नको. वरची पिशवी उंच टांगायची, बाकी सगळं पृथ्वी ओढून घेते. मामा हरखले. आणि हरखण्याच्या भरात मी माझी सगळ्यात मोठी चूक केली. फिल्टरची खरी परीक्षा घ्यावी म्हणून मी अड्यार नदीच्या पुलाखालून एक बाटली काळं पाणी भरून आणलं. मामांनी बाटली बघितली, मला बघितलं, आणि दार अर्धं लावून फटीतून म्हणाले, "गटाराचं, रसायनाचं विरघळलेलं विष असल्या धाग्यात अडकत नाही रे! हा फिल्टर अहे, देव नाही. जा, जिथून आणलंस तिथं परत सोड, आणि अंघोळ करून ये."

तेव्हापासून सोवळं सुरू झालं. देवाधर्माला न मानणाऱ्या मामांनी त्या फिल्टरला जे सोवळं लावलं, ते कुठल्या मठातही पाळलं जात नसेल. वरची पिशवी ओवळी, खालची सोवळी. ओवळ्या पिशवीला लागलेला हात सोवळ्या नळीच्या तोंडाला लावायचा नाही. दोन्हींची झाकणं एका ताटात ठेवायची नाहीत. ओवळ्यातला एक थेंब जरी ओघळून सोवळ्याच्या तोंडावर आला, तरी सगळं पहिल्यापासून. त्यांचं शास्त्र चोख होतं, कारण एवढे कष्ट करून जंतू गाळायचे आणि मग ओल्या बोटानं तेच परत आत सोडायचे, याला काय अर्थ? पण मी पडलो सोलापूरचा. आमच्याकडे पाणी आलं की ज्याच्या हाताला जे भांडं लागेल ते भरायचं, सोवळं करत बसलं तर नळ जायचा. धागे तुंबले की एका पिचकारीनं चांगलं पाणी उलट्या दिशेनं आत मारून ते मोकळे करायचे असतात. मी पिचकारी मारली. दिशा बरोबर होती. पाणी चुकलं, मी ती ओवळ्या बादलीतून भरली होती. मामा खुर्चीत बसले. "सोवळ्याच्या तोंडानं ओवळं आत घातलंस, बाबा. डबा गेला." नवा डबा येईपर्यंत मला गच्चीवर खुर्ची होती, पण दोन हात लांब, आणि तिच्यावर बसूनच बोलायचं होतं.

नवा डबा आला तेव्हा मामांनी अंतिम परीक्षा ठरवली. कॅनचं एकच पाणी प्रत्येक फिल्टरमधून गाळायचं, एका पेल्यात तसंच ठेवायचं, आणि कोणतं कोणतं हे न सांगता लोकांना चाखायला द्यायचं. "माझी जीभ पक्षपाती झाली, तुझी नाहीच. निष्पक्ष जिभा बोलाव." मी लगेच लिफ्टपाशी, मामा आणि आम्ही राहतो त्या बिल्डिंगचे सेक्रेटरी गाठले. हे गृहस्थ फार कडक. गच्चीच्या दारावर 'येथे मद्यपानास सक्त मनाई आहे' अशी पाटी यांनीच लावलेली. मी तमिळमध्ये, हळू आवाजात (कारण मला तमिळ मोठ्यानं बोलायची लाज वाटते) म्हणालो, "सार, रविवारी संध्याकाळी मोट्टै माडीवर तण्णी पार्टी. मामा देतायत. चार चांगली माणसं घेऊन या." मोट्टै माडी म्हणजे गच्ची. तण्णी म्हणजे पाणी. पण 'तण्णी पार्टी'तलं तण्णी हे वेगळं तण्णी असतं, हे चेन्नईतलं पोरसुद्धा जाणतं. मला माहीत नव्हतं. सेक्रेटरींनी आजूबाजूला बघितलं, माझा हात दाबला आणि म्हणाले, "किती वाजता?"

रविवारी ते सगळ्यांच्या आधी आले. अंघोळ केलेली, अत्तर लावलेलं, हातात केळ्याच्या वेफर्सचं पाकीट. मागोमाग तीन निष्पक्ष जिभा. एकीच्या मालकानं बर्फाचा डबा आणला होता. बायकांना सगळ्यांनी "फिरायला जातो" असं सांगितलेलं. मामांनी पांढऱ्या चादरीवर क्रमांक घातलेले पेले मांडले होते आणि ते इतके सोवळ्यात होते की बर्फाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. सेक्रेटरींनी पहिला पेला उचलला, आकाशाकडे बघितलं, डोळे मिटून मोठा घोट घेतला, आणि डोळे उघडले.

"सार," ते म्हणाले, "इदु तण्णी!" म्हणजे, हे पाणी आहे!

मामांचा चेहरा उजळला. "करेक्ट! कोणतं तण्णी?"

त्या क्षणी मी गच्चीवरून खाली किती मजले आहेत ते मोजत होतो. पण सेक्रेटरी मोठा माणूस. आता परत जावं तर बायको विचारणार, इतक्यात कसे आलात. आणि ओरडावं तर दारावरची पाटी आपणच लावलेली. त्यांनी एकदा माझ्याकडे असं बघितलं की पुढे वर्षभर माझा पार्किंगचा अर्ज त्यांच्या टेबलावर का पडून राहणार होता, ते मला तिथेच समजलं. मग ते मांडी घालून बसले, वेफर्स फोडले आणि एकामागून एक पेले चाखू लागले. आणि काय सांगू, त्या माणसाला जीभ होती! "हे औषधी. हे कोळशाचं. हे प्लास्टिकचं." आणि पिशवीतून गाळलेला पेला आणि न गाळलेला पेला आळीपाळीनं तीन वेळा पिऊन त्यांनी हात टेकले. "या दोघांत फरक नाही." मामा उठले आणि त्यांनी त्यांना कडकडून मिठी मारली. सेक्रेटरी मिठीतल्या मिठीत माझ्याकडे बघून म्हणाले, "पुढच्या वेळी तमिळमध्ये बोलावू नका. इंग्लिशमध्ये बोलवा."

अशी पिशवी निवडली गेली. पोंगलचा सण झाला आणि आम्ही माझ्या गाडीतून निघालो: मामा, मामी आणि मी. बायकोला शाळेत पेपर तपासायचे होते. "काही बिघडवू नकोस" एवढा आशीर्वाद देऊन ती मागे राहिली. सोवळ्याची पिशवी मामांच्या मांडीवर, ओवळ्याची डिकीत, आणि दोघींची गाठ पडू नये म्हणून मध्ये मामी. घाट चढू लागलो तशा मामी काच खाली करून नुसत्या वास घेत होत्या.

वस्ती पुष्कळ बदलली होती. रस्ता आला होता, टॉवर आला होता, क्वार्टरच्या जागी चौथऱ्याचे चार दगड. पण फणसांच्या खाली, दगडांच्या मधून, ओढा होता. मामी काठाशी गेल्या आणि उभ्या राहिल्या. मामा त्यांच्या पाठीशी इतक्या जवळ उभे राहिले, की त्या वाकल्या असत्या तर त्यांनी पदरच धरला असता. मी पिशवी काढायला लागलो, तेवढ्यात वरच्या घरातून एक म्हातारी काठी टेकत खाली आली. तिनं मामींकडे बघितलं, मान कलती केली, आणखी जवळ येऊन बघितलं.

"गार्डय्या पोण्णा नी?"

गार्डसाहेबांची पोर का गं तू? मामींनी मान हलवली. दोघी एकमेकींचे हात धरून हसत होत्या, रडत होत्या. एकीच्या दाराशी दुसरीनं कधीकाळी चिंचा वेचल्या होत्या, एवढंच मला समजलं. मग म्हातारी लगबगीनं वळली, ओढ्यात तांब्या बुडवला, काठोकाठ भरला आणि मामींच्या पुढे धरला. पी, पोरी.

मी मामांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. पाहुणीला दिलेलं पाणी परत करता येत नाही, आणि मामी परत करणारही नव्हत्या. त्यांचा हात तांब्याकडे निघालाच होता. तेवढ्यात मामा पुढे झाले, दोन्ही हातांनी तो तांब्या घेतला, कपाळाला लावला, आणि म्हातारीला तमिळमध्ये अतिशय नम्रपणे म्हणाले, "आई, तुम्ही दिलेलं हेच पाणी आम्ही पिणार. फक्त त्याला एक वळण घालून आणतो." आणि तांब्या त्यांनी ओवळ्या पिशवीत ओतला. "माप्पिळ्ळै, टांग!"

टांग कशाला? फणसाच्या फांद्या माझ्या हातापासून दोन पुरुष वर, आणि पिशवी टांगायची दोरी मी घरी विसरलेलो. बायकोचा आशीर्वाद फळाला आला होता. मामांनी फक्त ओढ्याच्या बाजूच्या एका दगडाकडे बोट दाखवलं. मी बूट काढून दगडावर चढलो आणि पिशवी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभा राहिलो. अशा रीतीनं, इतक्या शोधानंतर, त्या फिल्टरचा शेवटचा सुटा भाग मी ठरलो.

आणि पाणी येईना. नळीत हवा अडकली होती. म्हातारी बघत होती, वरच्या घरांतून चार बायका येऊन बघत होत्या, मामी बघत होत्या. मामांनी हात धुतले, पुसले, सोवळ्या टोकाला कुठेही बोट न लावता नळी खाली वळवली, दोनदा टिचकी मारली. एक थेंब आला. मग दुसरा. मग धार लागली, काडीएवढी बारीक, पण अशी लखलखीत की वरच्या बायकांपैकी एकीनं "अय्यो!" म्हणून टाळी वाजवली. मामांनी पहिला पेला भरला आणि आधी म्हातारीला दिला. तिनं तो वरून तोंडात सोडला, चाखला, आणि बोळक्या तोंडानं असं हसली, जसं काही या वेड्या पाहुण्यांनी तिला जादू दाखवतो म्हणून तिचीच कोंबडी परत दिली.

"अदे तण्णिदान!" ती म्हणाली. हे तर तेच पाणी!

"ऐकलंस?" मामा माझ्यावर ओरडले, म्हणजे जल्लोषानं ओरडले, असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "ऐकलंस, माप्पिळ्ळै? तेच म्हणाली! तेच!" गाळलेल्या पाण्याला याहून मोठं प्रशस्तिपत्र जगात कुणी दिलं नसेल. बर्फवाल्यांचं सोडा, सेक्रेटरींचंसुद्धा नाही. मामांनी दुसरा पेला भरला, वरच्या कडेचा थेंब पुसला आणि मामींच्या हातात दिला.

मामी दगडावर बसल्या, पाय ओढ्यात सोडले, आणि अगदी हळूहळू प्यायल्या. मामा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्यांच्याशेजारी बसले. ज्या ओढ्याकडे ते सबंध संसारात हात हलवत आले, त्यात त्यांनी पाय सोडले.

"तेच अहे?" त्यांनी विचारलं.

"तेच."

मामांनी पायाच्या बोटांनी तळाचा एक खडा हलवून बघितला. मग मामा पाण्याकडे बघत म्हणाले, "चांगला अहे ओढा. उगीच नावं ठेवत होतो त्याला."

"हो," मामी म्हणाल्या. "उगीचच." आणि जरा थांबून, "माझे अप्पा असते तर त्यांना सांगितलं असतं, जावईबापूंनी आपणहून ओढ्याचं पाणी घेतलं म्हणून."

गाळून प्यायलेल्या पाण्यावरून न गाळलेला ओढा निर्दोष ठरत नाही, हे माझ्यातल्या इंजिनियरला दिसत होतं. पण आयुष्यात एकदाच मला गप्प बसायची अक्कल सुचली, ती त्या दगडावर. मामांनी आपला पेला धारेखाली धरला, मामींचाही धरला. हात खाली घे असं मला कुणी सांगितलं नाही, आणि माझे दंड भरून आले होते, बोटं बधिर झाली होती. पण खाली दोन पाठमोरी डोकी, दोन्ही पांढरी, इतकी जवळ आली होती, की मी पिशवी आणखी जराशी वर उचलली, धार तुटू नये म्हणून.